खान्देशी खानावळीत रस्सा-भात: नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, वरणगावच्या आयुधनिर्माणीत, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात किंवा जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कोणी ना कोणी विचारते, की शेवभाजी खाल्ली का. मग तो एकटाच एखाद्या गजबजलेल्या खानावळीत शिरतो, फळ्यावरची यादी वाचतो, सगळेच पदार्थ मागवतो, तीन भाकरी संपवतो आणि भात येईपर्यंत त्याच्या पोटात जागा उरलेली नसते व वाटीत रस्साही उरलेला नसतो. असे होऊ नये म्हणून हा लेख लिहिला आहे. येथे जे सांगायचे आहे त्याचे सार एवढेच की खान्देशातले जेवण शेवटाकडून आखावे लागते: भात सर्वांत शेवटी येतो, परंतु रस्सा किती मागवायचा, भाकरी किती घ्यायची आणि तिखट किती सोसायचे हे त्या भाताचा हिशेब मनात धरूनच ठरवावे.

याचे कारण शेतीत आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या काळ्या जमिनीत ज्वारी, बाजरी, कापूस, कडधान्ये आणि तापीकाठी केळी पिकते. भाताची शेती मुख्यतः नवापूरकडच्या जास्त पावसाच्या पश्चिम पट्ट्यात दिसते. म्हणून कोकणात जसा भात ताटाच्या मध्यभागी असतो तसा तो येथे नसतो. ताटाचा मुख्य भाग भाकरीचा, आणि भात हा त्या जेवणाचा समारोप. मात्र तो दुय्यम समजू नये, कारण काळ्या मसाल्याच्या रस्स्याची खरी परीक्षा साध्या भातावरच होते. भाकरीसोबत मध्यम दर्जाचा रस्साही खपून जातो, भातावर तो लगेच उघडा पडतो.

जागा कशी निवडावी

खान्देशात जेवणाच्या ठिकाणाला सरसकट ‘हॉटेल’ म्हणतात, पण त्यात तीन-चार वेगळे प्रकार आहेत. बसस्थानक, रेल्वे स्थानक किंवा बाजार समितीच्या आसपास असते ती खानावळ किंवा भोजनालय. तेथे दुपारची गर्दी हमाल, चालक, व्यापारी आणि तालुक्याच्या कामाला आलेल्या शेतकऱ्यांची असते. धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे शहराच्या चारही दिशांना ढाब्यांच्या रांगा आहेत. ते रात्री उशिरापर्यंत चालतात आणि तेथे खाटा, हिरवळ, रोषणाई असा थाट असतो. जळगाव आणि परिसरात हिवाळ्यात भरताची स्वतंत्र केंद्रे चालतात, जेथे भरीत किलोवर विकले जाते. आणि काही ठिकाणी घरच्या अंगणातच मांडलेली, दहा-बारा माणसांची सोय असलेली घरगुती खानावळ असते, जिचा पत्ता केवळ तोंडी मिळतो.

पहिल्या वेळेस मी बाजार समितीजवळच्या किंवा बसस्थानकाजवळच्या गजबजलेल्या खानावळीची शिफारस करीन. ढाब्यावर जेवण वाईट मिळते असे नव्हे. परंतु खानावळीत दुपारी एकच मोठे पातेले चढते आणि दोन तासांत संपते, त्यामुळे ताज्या रस्स्याची खात्री अधिक असते. आत शिरण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. भाकरी मागणीनंतर थापली जाते की आधी करून फडक्यात झाकून ठेवली आहे, हे बाहेरूनही कळते, कारण भाकरी थापण्याचा आवाज लपत नाही. दुसरे म्हणजे फळ्यावरची यादी. ती आखूड असेल तर चांगले. ज्या यादीत पंजाबी, चायनीज आणि दाक्षिणात्य असे सगळेच विभाग आहेत, तेथे काळ्या मसाल्याचे वाटण रोज ताजे होत असेलच असे नाही. त्याऐवजी एकच तयार रस्सा निरनिराळ्या नावांनी समोर येण्याचा संभव असतो.

महामार्गावरच्या काही ढाब्यांना परवाना कक्षही, म्हणजे मद्यपानाची जागाही, जोडलेली असते. कुटुंबासह किंवा एकटीने जाणाऱ्या महिलांनी ‘फॅमिली’ अशी पाटी असलेला वेगळा कक्ष आहे का, हे फोन करून आधी विचारावे आणि शक्यतो संध्याकाळी लवकर जावे. खानावळीत दुपारी ही अडचण सहसा येत नाही.

वेळ आणि वार

दुपारी बाराच्या सुमारास पहिली पंगत बसते. साडेबारा ते दीड ही सर्वांत गर्दीची वेळ असून अडीचनंतर भात उरतो, पण रस्स्याच्या पातेल्याचा तळ दिसू लागतो. म्हणून बाराला पोहोचणे उत्तम. गावाचा आठवडे बाजार असेल त्या दिवशी जागा मिळायला वेळ लागतो, मात्र त्या दिवशी जेवणही सर्वांत ताजे असते, असा माझा अनुभव आहे.

उन्हाळ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि अशा दुपारी तर्रीचा, म्हणजे वर लाल तेलाचा थर असलेला, रस्सा खाऊन पुन्हा उन्हात निघणे बाहेरच्या माणसाला झेपत नाही. त्या दिवसांत रात्रीचे जेवण निवडावे, किंवा दुपारी गेल्यास सोबत ताक मागवून जेवणानंतर अर्धा तास सावलीत बसावे.

सामिष रस्सा हवा असेल तर वार पाहून जावे. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशी या दिवशी पुष्कळ घरांत सामिष वर्ज्य असते, त्यामुळे खानावळीतली मागणीही कमी होते आणि काही ठिकाणी त्या दिवशी मटण शिजतच नाही. रविवार आणि बुधवार सर्वांत खात्रीचे. श्रावणात अनेक सामिष खानावळी बंद राहतात किंवा केवळ शाकाहारी जेवण देतात, आणि त्याआधीच्या आखाडाच्या शेवटच्या दिवसांत मात्र एवढी झुंबड असते की नवख्या माणसाने त्या वेळी न गेलेलेच बरे. घाईत केलेल्या रस्स्यावरून खान्देशाबद्दल मत बनवणे अन्यायाचे होईल.

रस्सा कशाचा असतो

मागणी देण्यापूर्वी आपण काय मागवत आहोत हे थोडे समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. खान्देशी रस्स्याचा पाया म्हणजे भाजलेले वाटण. कांदा सोलून चिरून तव्यावर परतण्याऐवजी अख्खा कांदा चुलीच्या निखाऱ्यात किंवा गॅसच्या जाळावर टाकून त्याचा बाहेरचा पापुद्रा काळा होईपर्यंत भाजतात. सुक्या खोबऱ्याची वाटी थेट जाळावर धरून तेल सुटेपर्यंत करपवतात. मग त्यात लसूण, आले, कोथिंबीर घालून ते सगळे एकत्र वाटतात. रस्स्याचा काळपट रंग मुख्यतः या भाजण्यातून येतो, म्हणून तो रंग पाहून जेवण करपले आहे असे समजू नये. या वाटणाला जोड मिळते ती काळ्या मसाल्याची, ज्यात धणे, जिरे, लवंग, मिरी, दालचिनी, तमालपत्र, मसाला वेलदोडा, चक्रीफूल आणि दगडफूल असे जिन्नस भाजून कुटलेले असतात. प्रत्येक घराचे आणि प्रत्येक खानावळीचे प्रमाण वेगळे असते आणि ते विचारल्यास हसून विषय बदलला जातो.

वाटण तेलात घालून ते कडेने तेल सोडेपर्यंत परतणे हा या स्वयंपाकातला सर्वांत वेळखाऊ टप्पा आहे, आणि चांगल्या व सुमार खानावळीतला फरक बहुतेक वेळा येथेच पडतो. पुरेसे परतल्यावर त्यात उकळते पाणी ओततात, आणि उकळी आल्यावर वर लाल तेलाचा जो थर जमतो ती तर्री. वाटण कच्चे राहिले असेल तर खोबरे आणि मसाला तळाशी बसतो, वर पातळ पाणी राहते आणि जिभेवर कांद्याचा उग्रपणा उतरतो. तर्री भरपूर असणे म्हणजे रस्सा चांगला असणे, असा एक समज आहे. तो मला मान्य नाही, कारण वरून तेलात तिखट फोडणी करून ओतलेली तर्रीही दिसायला तशीच दिसते. खरी ओळख चमच्याने ढवळल्यावर पटते: रस्सा पातळ असूनही एकजीव राहतो आणि त्यातले पाणी वेगळे होत नाही.

लाल मिरचीच्या बाबतीत खान्देशाला दूर जावे लागत नाही. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ मोठी असून हंगामात ओल्या लाल मिरच्या पथारींवर वाळत घातलेल्या दिसतात. त्या दिवसांत गावात पाऊल ठेवताच बाहेरच्या माणसाला ठसका लागतो. तरीही येथला रस्सा केवळ मिरचीने तिखट होत नाही. लवंग-मिरीचा दाह जिभेपेक्षा घशात जाणवतो आणि तो थोडा उशिरा येतो, ही गोष्ट पहिला घास घेताना ध्यानात ठेवावी, म्हणजे ‘हे तर काहीच तिखट नाही’ म्हणून भराभर खाण्याचा मोह आवरता येईल.

या एकाच पायावर निरनिराळे पदार्थ उभे राहतात. शेवभाजीत या रस्स्यात जाड, तिखट शेव घालतात. ही शेव खास भाजीसाठी केलेली असते आणि किराणा दुकानात ‘भाजीची शेव’ म्हणून वेगळी मिळते, कारण चहासोबत खायची बारीक शेव रस्स्यात क्षणात विरघळते. पाटोडीच्या रस्स्यात मसाला घालून शिजवलेल्या बेसनाच्या थापलेल्या वड्या असतात. डुबुकवड्यांत बेसनाचे सैलसर पीठ उकळत्या रस्स्यात थेट सोडतात आणि ते त्यातच शिजते. मटणाचा आणि गावरान कोंबडीचा रस्सा हे याच कुळातले. कोल्हापूरकडून आलेले लोक पहिल्याच दिवशी तांबडा आणि पांढरा रस्सा मागतात. ती त्यांच्याकडची परंपरा आहे, येथे एकच रस्सा असतो आणि तो काळा.

मागणी कशी द्यावी

बसल्यावर प्रथम यादी न वाचता वाढणाऱ्याला विचारावे, “भाऊ, आज काय चांगलं आहे?” यादीत बारा भाज्या असल्या तरी त्या दिवशी ताज्या दोन-तीनच असतात आणि विचारल्यावर त्याच सांगितल्या जातात. वाढणाऱ्याला ‘भाऊ’ किंवा ‘दादा’, भाकरी करणाऱ्या बाईंना ‘मावशी’ आणि गल्ल्यावर बसलेल्या वयस्क मालकाला ‘नाना’ किंवा ‘आप्पा’ म्हटलेले सर्वत्र चालते. धुळे-नंदुरबारकडे आणि जळगावच्या पश्चिम भागात कानावर अहिराणी पडेल, यावल-रावेरकडे लेवा गणबोली. पण साधी मराठी सगळीकडे समजते, त्यामुळे उगाच अहिराणीची नक्कल करू नये.

मग प्रमाणाचे तीन प्रश्न विचारावेत आणि ते मागणी देण्याआधीच विचारावेत. एक, ‘हाफ’ आणि ‘फुल्ल’ प्लेट किती जणांना पुरते. हे माप जागेगणिक इतके बदलते की कोणताही सरधोपट नियम सांगणे चुकीचे ठरेल. दोन, ज्यादा रस्सा मिळतो का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का. काही खानावळींत रस्सा मागाल तितका वाढतात, काही ठिकाणी पहिली वाटी मोफत आणि पुढची पैशाने, तर काही ढाब्यांवर प्रत्येक वाटीचा दर लावलेला असतो. भाताचा बेत या एका उत्तरावर अवलंबून असल्यामुळे संकोच न करता विचारावे. तीन, भात साधा आहे की जिऱ्याचा, आणि ‘राईस प्लेट’ म्हणजे नुसता भात की पूर्ण ताट. दोन्ही अर्थांनी हा शब्द वापरला जातो आणि त्यावरून गल्ल्यापाशी वाद होतात.

दोन माणसे प्रथमच जात असतील तर माझ्या मते बेत असा असावा: एक शेवभाजी, माणशी एक भाकरी, जागेवरचा ठेचा आणि कांदा, आणि दोघांत मिळून एक साधा भात, तोही मागणी देतानाच सांगून ‘शेवटी आणा’ अशी सूचना देऊन. जिरा राईस मागवू नये. जिऱ्याची आणि तुपाची चव रस्स्याशी झगडते आणि दोन्ही पदार्थांचे नुकसान होते. भाकरी कळण्याची मिळत असेल तर तीच घ्यावी. ज्वारीसोबत सालासकट उडीद दळून त्या पिठाची ही भाकरी करतात, आणि तिचा किंचित खारट, खमंगपणा रस्स्याशी चांगला जुळतो. मात्र ती साध्या भाकरीपेक्षा जड असते, हे भाताच्या हिशेबात धरावे.

शेवभाजी मागवताना शेव वेगळी देण्यास अवश्य सांगावे. पुष्कळ ठिकाणी तशी पद्धतच आहे, पण सांगितलेले बरे. शेव रस्स्यात पडल्यावर काही मिनिटांतच फुगते, रस्सा पिऊन टाकते आणि भाताची वेळ येईपर्यंत वाटीत नुसता लगदा उरतो.

शाकाहारी पाहुण्यांनी एक गोष्ट स्पष्ट विचारावी. जेथे सामिष आणि निरामिष दोन्ही शिजते तेथे वाटण एकच असते आणि पळीही कधीकधी एकच असते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी असलेले ठिकाण निवडावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र या रस्स्यात पर्याय नाही, कारण तो पायाच कांद्या-लसणाचा आहे. त्यांनी साधे वरण आणि भात मागावा. जळगावात डाळ तयार करणाऱ्या गिरण्यांचा मोठा व्यवसाय असल्याने तूरडाळ येथे चांगल्या प्रतीची मिळते आणि साधे वरणसुद्धा निराश करत नाही. फोडणी न घातलेले वरण हवे, हे तेवढे सांगून ठेवावे.

जेवणाचा क्रम

रस्सा आला की त्याच्या दोन वाट्या कराव्यात. एक भाकरीसाठी, दुसरी झाकून भातासाठी बाजूला. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण सगळ्या जेवणात हीच सर्वांत उपयोगी सूचना आहे. भाकरीच्या वाटीत शेव थोडी थोडी, एका वेळेस चार-पाच घासांपुरतीच घालावी. भाकरीचा तुकडा बुडवून खाण्यापेक्षा ती ताटात चुरून वर रस्सा ओतून खाणे ही येथली रीत आहे, आणि शेजारच्या टेबलावर तसेच चाललेले दिसेल. हाताने खावे, चमचा मागितल्यास मिळतो, पण गरम भाकरी चमच्याने चुरता येत नाही.

ठेचा हा रस्स्यात मिसळण्यासाठी नाही. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि मीठ यांचा तो खरडा भाकरीच्या कोरड्या घासासोबत, वर थोडे शेंगदाण्याचे तेल घेऊन खातात. बिबडे (ज्वारीचे पापड) किंवा साधे पापड आले असतील तर ते भातासाठी राखून ठेवावेत.

भाकरी संपत आली की भात मागवावा, आणि येथे जरा घाई टाळावी. भात गरम असायलाच हवा; कोमट किंवा गार भातावर तर्रीचे तेल थिजल्यासारखे बसते आणि जेवण जड वाटते. भात गार आला तर नम्रपणे गरम मागावा, गर्दीच्या वेळी पुढचे पातेले उतरेपर्यंत पाच मिनिटे थांबावे लागले तरी हरकत नाही. दरम्यान राखून ठेवलेली रस्स्याची वाटीही गरम करून घ्यावी किंवा नवा रस्सा मागवावा. भाताचे मध्ये आळे करून त्यात आधी वाटीच्या तळाचा दाट रस्सा आणि मग वरची तर्री घालावी. उलट केल्यास पहिले दोन घास नुसत्या तेलाचे आणि शेवटचे घास नुसत्या मसाल्याचे होतात. लिंबू भातावर न पिळता रस्स्यात पिळावे. उरलेली शेव आता वरून पेरावी, म्हणजे ती मऊ होण्याआधीच घासात येते. मटणाचा रस्सा असेल तर फोडी भाकरीसोबत संपवून केवळ रस्सा भातासाठी ठेवणारे बरेच जण दिसतील, आणि त्यांचे बरोबर आहे.

भात किती घ्यावा, याचे उत्तर रस्स्याच्या वाटीकडे पाहून द्यावे. एक वाटी रस्सा साधारणपणे दोन मुठी भातालाच पुरतो. त्याहून जास्त भात घेतला तर शेवटी तो कोरडा खावा लागतो किंवा ताटात टाकावा लागतो, आणि खानावळीत ताटात टाकलेल्या अन्नाकडे मालक बोलत नसला तरी पाहत असतो.

तिखट सोसत नसेल तर

‘कमी तिखट करा’ असे सांगून फारसा फरक पडत नाही, कारण रस्सा आधीच मोठ्या पातेल्यात तयार असतो. त्याऐवजी ‘तर्री नको, खालचा रस्सा द्या’ असे सांगावे; मिरचीतला तिखटपणा तेलात विरघळत असल्यामुळे तर्री काढली की बराचसा जहालपणा कमी होतो. तोंड भाजल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही. दूध, दही किंवा ताक घ्यावे, कारण दुधातली प्रथिने तो तिखट अंश धरून बाजूला करतात. साधा भाताचा एक घास नुसता चावल्यानेही आराम पडतो. आम्लपित्ताचा किंवा मूळव्याधीचा त्रास असलेल्यांनी पहिल्या वेळेस शेवभाजीऐवजी खिचडी-कढी मागावी. तूरडाळीची खिचडी हा खान्देशातल्या घराघरांतला रात्रीचा नेहमीचा पदार्थ असून तिच्यावर कच्चे किंवा लसणाच्या फोडणीचे तेल घेतात. ज्या खानावळीत ती मिळते तेथे ती संध्याकाळनंतरच मिळते.

शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र येथे खरोखर सावध राहावे. शेंगदाणे ठेच्यात असतात, भरतात असतात, काही वाटणांत असतात आणि स्वयंपाकाचे तेलही बहुधा शेंगदाण्याचे असते. अशा व्यक्तीने खानावळीतल्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

स्वच्छता आणि बिल

याबद्दल थोडक्यात. पाणी पिंपातले न घेता शुद्धीकरण यंत्राचे किंवा सीलबंद बाटलीचे घ्यावे. उन्हाळ्यात खोबऱ्याचे वाटण लवकर आंबते, त्यामुळे रस्स्याला किंचित आंबूस वास आला तर तो परत करावा. यात संकोचण्यासारखे काही नाही. अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक दर्शनी भागी लावलेला असणे आवश्यक आहे आणि 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणेही बंधनकारक झाले आहे. साध्या हॉटेलांना जेवणावर 5 टक्के वस्तू व सेवा कर लागतो, पण एकत्रित कर योजनेत असलेल्या लहान खानावळींना तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. सेवा शुल्क आपोआप बिलात जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. खान्देशी खानावळीत मात्र हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. पैसे बहुधा गल्ल्यावर जाऊन द्यायचे असतात, टेबलावर बिल येण्याची वाट पाहत बसू नये. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय जवळपास सगळीकडे आहे, तरी गावाबाहेरच्या ढाब्यावर जाताना थोडी रोकड जवळ असावी.

पार्सल, डबा आणि पुढची खेप

पार्सल घेताना रस्सा आणि शेव वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून घ्यावी, आणि भात शक्यतो घरीच करावा. आणलेला भात दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये, विशेषतः उन्हाळ्यात. गार भातात असे जिवाणू वाढतात की ज्यांचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. रस्सा मात्र चांगला उकळून घेतल्यास रात्रीच्या जेवणापर्यंत टिकतो, आणि मुरल्यामुळे कित्येकांना तो तेव्हाच अधिक आवडतो.

ज्यांना येथे वर्षभर किंवा अधिक काळ राहायचे आहे त्यांनी दोन-तीन भेटींनंतर आवडलेल्या खानावळीत महिनेवारीची चौकशी करावी. महिनेवारीत सहसा भाजी, वरण, भात आणि पोळी किंवा भाकरी असा साधा बेत असतो आणि काळ्या मसाल्याचा रस्सा आठवड्यातून एक-दोनदाच येतो. हे तब्येतीच्या दृष्टीने योग्यच आहे; इथली माणसेही रोज तर्री खात नाहीत. पैसे आगाऊ देण्याआधी सुटीच्या दिवसांचे खाडे धरले जातात का आणि पाहुणा आल्यास ज्यादा ताटाचा दर काय, हे विचारून घ्यावे.

शेवभाजी आणि भात जमला, की पुढच्या खेपांचा क्रम हंगामाप्रमाणे लावावा. हिवाळ्यात शेवभाजी बाजूला ठेवून भरीत खावे. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि बामणोद व आसोदा या गावांची वांगी त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेले ते वांगे बडगीत, म्हणजे ठेचण्याच्या लाकडी पात्रात, हिरव्या मिरचीसह ठेचतात आणि ते भाकरीसोबत किंवा पुरीसोबत खातात. भरताच्या जेवणात भात मागू नये. लग्नसराईत आमंत्रण आले तर वरण-बट्टी (वरणासोबत कणकेचे जाड गोळे) आणि वांग्याची घोटलेली भाजी मिळण्याची शक्यता असते, आणि तेथेही पोटाचा हिशेब बट्टीवरच संपतो. भातासाठीच जायचे असेल तर पाटोडीचा किंवा डुबुकवड्यांचा रस्सा शोधावा, कारण शेवेप्रमाणे त्यातल्या वड्या विरघळत नाहीत आणि भातावर रस्सा शेवटपर्यंत दाट राहतो. डुबुकवडे मात्र रोज होत नाहीत आणि फुणके-कढी (वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके आणि कढी) तर ठरावीक वारीच केली जाते, म्हणून सकाळी दहाच्या आत खानावळीत फोन करून विचारावे आणि असतील तर दोन ताटे सांगून ठेवावीत.